जुन्या शेव्हेलमध्ये एलएस इंजिन बसवताना पैसा आणि वेळ कुठे जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांकडे शेव्हरोलेची १९७१ ची शेव्हेल मालिबू आहे. आत ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक, म्हणजे शेव्हरोलेचं जुनं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर आणि टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. इंजिन तेल खातं, थंडीत लवकर उठत नाही, आणि हायवेला इतकं ओरडतं की मागे बसलेल्या मुलांशी बोलता येत नाही. एलएस, म्हणजे जनरल मोटर्सच्या नव्या व्ही-८ घराण्यातलं, नवंकोरं पेटीबंद (क्रेट) एलएस३ इंजिन घ्यावं की भंगारात गेलेल्या पिकअपमधलं त्याच घराण्यातलं ५.३ लिटर, एकूण व्याप किती, आणि ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, गाडी नेता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नव्या इंजिनासह यंदा नाही. एप्रिलमध्ये गाडी खोलली आणि काम फक्त शनिवार-रविवारी होणार असेल, तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ती गॅरेजमध्ये ठोकळ्यांवरच असेल. यंदा जुन्या इंजिनावरच वुडवर्डला जा, डिकीत तेलाचे दोन डबे ठेवा. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी तशीही बाहेर काढणार नाही, तेव्हा खोला.

आता मुळात हे करावं का? माझा धंदा इंजिनं बदलण्याचा असला तरी आधी एक तपासणी सांगतो. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या (अमेरिकन गाडीत उजव्या) हेडच्या अगदी समोर, मशिन केलेला छोटा सपाट पॅड असतो. अल्टरनेटरखाली तो काळ्या चिकट थरात दडलेला असतो. ब्रेक क्लीनर मारून कापडाने पुसा, घासपेपर अजिबात लावू नका. तिथे ठोकलेले आकडे तुमच्या चेसिस नंबरच्या शेवटच्या आकड्यांशी जुळले, तर गाडीत कारखान्यातलं मूळ इंजिन आहे. साध्या मालिबूला त्याने फार मोठी किंमत येत नाही, पण ते इंजिन विकू नका. तेल भरून, तोंडं बंद करून कोपऱ्यात ठेवा. आणि गाडी खरी सुपर स्पोर्ट ४५४, म्हणजे मोठ्या इंजिनाची मोलाची आवृत्ती, निघाली, तर हा विषय इथेच सोडा. ती गाडी तशीच राहू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि असं काम मी घेत नाही.

दुसरी गोष्ट ताकदीची. १९७१ च्या जाहिरातीत दोन बॅरलच्या ३५० ला २४५ अश्वशक्ती लिहिलेली असायची. पुढच्या वर्षी तेच इंजिन १६५ वर आलं. इंजिन फारसं बदललं नव्हतं, मोजण्याची पद्धत बदलली. आधी नुसतं इंजिन स्टँडवर, पंखा आणि सायलेन्सर न लावता मोजायचे. १९७२ पासून सगळं लावून, गाडीत असतं तसं मोजायला लागले. आजचे आकडे याच दुसऱ्या पद्धतीचे आहेत. म्हणून तुलना करायची तर १६५ शी करा. पिकअपमधलं एलएम७, म्हणजे लोखंडी ब्लॉकचं ५.३, वर्षानुसार २७० ते २९५ देतं. एलएस३ हे ६.२ लिटरचं, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं. २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये ते ४३० अश्वशक्तीचं होतं. म्हणजे भंगारातलं स्वस्त इंजिनसुद्धा तुमच्या गाडीची ताकद दीडपटीपेक्षा जास्त वाढवतं.

पण तुमच्या तीन तक्रारींपैकी हायवेचा आवाज ही इंजिनाची तक्रारच नाही. टर्बो ३५० चा तिसरा गिअर सरळ एकास एक आहे. मागे ३.३१ प्रमाणाचा एक्सल आणि २६ इंची टायर धरले, तर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,००० फेऱ्यांवर फिरतं. तिथे एलएस३ बसवलं तरी ते ३,००० वरच फिरणार आणि तितकंच ओरडणार. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारा वरचा गिअर, मिळाला की हाच आकडा २,१०० वर येतो. म्हणून माझ्याकडे कोणी असं काम घेऊन आलं की मी आधी गिअरबॉक्स कुठला ते ठरवतो. तुमच्या बाबतीत ५.३ सोबत त्याच पिकअपचा ४एल६०ई हा ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक घ्या. पहिला गिअर ३.०६ चा असल्याने उठावही चांगला मिळतो, आणि इंजिनाचाच कॉम्प्युटर गिअरबॉक्सही चालवतो. हा डबा जुन्यापेक्षा लांब आहे, त्यामुळे त्याला खालून धरणारा आडवा क्रॉसमेंबर मागे सरकतो आणि प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून घ्यावा लागतो. शाफ्टची लांबी इंटरनेटवरून उचलू नका. इंजिन-गिअरबॉक्स पक्के बसल्यावर, गाडी चारही चाकांवर उभी असताना मोजा.

ज्यांना जुनाच टर्बो ३५० ठेवायचा आहे त्यांच्यासाठी एक धोक्याची जागा सांगतो, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. जुन्या शेव्हरोले गिअरबॉक्सचे बोल्ट एलएसला एक सोडून सगळे जुळतात, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. पण एलएसच्या क्रँकचा मागचा फ्लँज जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा ०.४ इंच, म्हणजे साधारण १० मिलिमीटर, आत असतो. सुरुवातीच्या काही ६.० लिटर ट्रक इंजिनांचा अपवाद सोडला तर सगळ्यांचं असंच. हा फरक भरून काढणारा स्पेसर न लावता टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) बोल्टने ओढून फ्लेक्सप्लेटला (क्रँकवरच्या पातळ चकतीला) लावला, तर तो गिअरबॉक्सच्या तेलाच्या पंपातून तेवढा पुढे सरकतो आणि पंप लवकरच खराब होतो. ओळखायची पद्धत सोपी आहे. कन्व्हर्टर हाताने फिरवत पूर्ण मागे ढकला, गिअरबॉक्स इंजिनाला टाइट करा, आणि कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्याआधी फ्लेक्सप्लेट व कन्व्हर्टर यांच्यातली फट मोजा. १/८ ते ३/१६ इंच असेल तर ठीक. अर्ध्या इंचाच्या आसपास आली तर थांबा, स्पेसर राहिलाय. कन्व्हर्टर हाताने फिरतच नसेल तर त्याहून आधी थांबा, तो पंपात नीट बसलेला नाही.

इंजिन कुठलं घ्यावं? तुमच्या वापराला, म्हणजे बायको-मुलांना घेऊन रविवारी फिरायला, ५.३ पुरून उरतं. एलएस३ चा मोह मला कळतो. बॉनेट उघडलं की छान दिसतं, लोखंडी स्मॉल ब्लॉकपेक्षा शंभर-एक पौंडांनी हलकं असतं. पण त्याच्या किमतीत ५.३, गिअरबॉक्स, टाकी, पंप आणि पुढचे डिस्क ब्रेक असं सगळं येऊन वर पैसे उरतात. १९९९ ते २००२ मधल्या पिकअपचं एलएम७ शोधा. त्या वर्षांत बहुतेकांना थ्रॉटलची केबल असायची. २००३ पासून ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक झाला. तेही चालतं, पण मग पेडल, थ्रॉटल बॉडी, त्यांच्यामधला मॉड्यूल आणि कॉम्प्युटर एकाच गाडीचे लागतात. त्या पिकअपच्या चेसिस नंबरचा आठवा अक्षर-आकडा टी असेल तर ते एलएम७. बी असेल तर ते अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं एल३३. तसं मिळालं तर दुसरीकडे बघूच नका. २००७ नंतरच्या ५.३ मध्ये निम्मे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते आणि तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) त्रास देतात. ते इंजिन घ्यायचं तर ती यंत्रणा काढण्याचा खर्च धरून घ्या.

भंगारवाल्याकडे तेल भरायचं झाकण उघडून बघा. आत दुधाळ थर असेल तर परत फिरा. साधारण २००१ ते २००६ मधल्या काही ५.३ इंजिनांच्या हेडना बारीक तडे जाऊन पाणी तेलात उतरायचं. त्या हेडवर कास्टेक या कंपनीचं चिन्ह असतं. चिन्ह दिसलं म्हणजे हेड गेलंच असं नाही, पण मग व्हॉल्व्ह कव्हर काढून आत नीट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि इंजिन नुसतं घेऊ नका. वायरिंग न कापता, कॉम्प्युटर, सेल्फ, अल्टरनेटर, सगळे सेन्सर आणि ब्रॅकेटसकट घ्या. वायर कापून काढलेलं इंजिन दोनशे डॉलर स्वस्त मिळालं म्हणून खूश होणारे पुढे ते दोनशे डॉलर एकेका कनेक्टरवर घालवतात.

इंजिन स्टँडवर आहे तोवर ऑइल पंपाला तेल ओढून देणाऱ्या नळीची (पिकअप ट्यूबची) ओ-रिंग बदला. काही डॉलरची वस्तू आहे, पण ती कडक झाली की पंप हवा ओढतो आणि तेलाचं प्रेशर पडतं. इनटेकखालचे दोन नॉक सेन्सरही (इंजिनातली ठोक ओळखणारे) बघा. त्या खड्ड्यात पाणी साचून ते गंजतात. मागचं मेन सील तेव्हाच घाला. बाकी इंजिन बंद कंपनी पॅकसारखं राहू द्या. पहिल्याच हिवाळ्यात कॅम बदलायचा, हेड घासायची, हे करू नका. आधी गाडी चालू द्या.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण या गाड्यांसाठी आता सगळं तयार मिळतं. ट्रकचं मूळ ऑइल पॅन, म्हणजे आपले मेस्त्री ज्याला चेंबर म्हणतात ते, शेव्हेलमध्ये क्रॉसमेंबरच्याही खाली लोंबतं आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला फुटतं, तेव्हा ते बदलावंच लागतं. ट्रकचा एसी कॉम्प्रेसर पॅसेंजरच्या बाजूला खाली असतो आणि चेसिसला अडतो. तो वर नेणारा ब्रॅकेट घ्या. एकच आग्रह आहे: माउंट, चेंबर, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) आणि गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर एकाच कंपनीच्या एकाच संचातले घ्या. एका कंपनीचे माउंट इंजिन मूळ जागी धरतात, दुसऱ्याचे इंचभर पुढे. वेगवेगळ्या ठिकाणची स्वस्त पार्टं जमवली की स्टीअरिंगची दांडी हेडरला घासते, आणि मग हातोडी घेऊन हेडर चेपत बसावं लागतं.

आता माझ्या मते खरं काम. अर्धवट सोडलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे ट्रेलरवरून येतात, त्यांत इंजिन व्यवस्थित बसलेलं असतं. अडलेलं असतं ते पेट्रोल आणि वायरिंग.

तुमच्या कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाने पेट्रोल पुरतं. एलएसच्या इंजेक्टरना ५८ पीएसआय लागतं, तेही अखंड. जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नसतात; टाकी पाव भरलेली असताना वळण घेतलं की सगळं पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा खातो. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडा साठा असल्याने त्याला हे कळत नाही, इंजेक्शनला लगेच कळतं. लोक जुनी टाकी तशीच ठेवून चेसिसला बाहेरून पंप लावतात. तो पंप कुरकुरतो, उन्हाळ्यात तापतो आणि फ्रीवेच्या वळणावर गाडी बंद पाडतो. शेव्हेलसाठी मूळ आकाराची, आत पंप असलेली इंजेक्शनची टाकी मिळते, ती घ्या. जुने पट्टे, जुन्याच जागा, गाडीत एक छिद्र पाडावं लागत नाही. प्रेशरसाठी १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरा. त्यात ५८ पीएसआयचा रेग्युलेटर आतच असतो, आणि जास्तीचं पेट्रोल परत नेणारी नळीही तिथूनच निघते. म्हणजे परतीची लाइन टाकीजवळच संपते, पुढपर्यंत एकच लाइन न्यायची. जुनी रबरी नळी आणि साधे क्लॅम्प मात्र वापरू नका. ५८ पीएसआयला ती नळी फुटते, आणि शेजारी गरम हेडर असतो.

वायरिंगचं एक उदाहरण सांगतो. एक नोव्हा, शेव्हरोलेचीच जुनी गाडी, टो होऊन आली. तिच्यातही एलएस बसवलेलं होतं. मालकाने दोन महिने डोकं खाजवलं होतं: सेल्फ जोरात फिरतो, पंपाचा आवाज येतो, प्लगला स्पार्क नाही. कॉम्प्युटर बदलून झाला होता, क्रँकचा सेन्सर बदलून झाला होता. आम्ही टेस्ट लॅम्प घेऊन कॉम्प्युटरला जाणाऱ्या गुलाबी वायरला लावला. किल्ली ऑनवर, दिवा लागला. किल्ली सेल्फकडे फिरवली आणि दिवा विझला. त्याने ती वायर जुन्या फ्यूज बॉक्समधल्या रेडिओच्या जागेवरून घेतली होती, आणि सेल्फ मारताना ती जागा बंद होते. म्हणजे ज्या क्षणी कॉम्प्युटर जागा हवा त्याच क्षणी त्याचा सप्लाय जात होता. वायर इग्निशनच्या ज्या टर्मिनलला ऑन आणि सेल्फ दोन्हीत करंट असतो तिथे हलवली आणि इंजिन दुसऱ्या फेरीला उठलं. नारिंगी वायरला बॅटरीचा कायमचा सप्लाय लागतो, गुलाबीला ऑन आणि सेल्फ दोन्हींचा. एवढं कागदावर लिहून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटवा.

अर्थिंगही तितकंच. जुन्या गाडीत इंजिन, बॉडी आणि चेसिस यांना जोडणाऱ्या पट्ट्या पन्नास वर्षांच्या असतात. नव्या टाका: बॅटरीपासून ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकपासून चेसिसला, हेडच्या मागून फायरवॉलला. खालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून मगच बोल्ट लावा. सेन्सरचे चित्रविचित्र कोड येतात तेव्हा मी स्कॅनर नंतर काढतो, आधी पाना घेऊन या पट्ट्या बघतो.

कॉम्प्युटरच्या ट्यूनमध्ये, म्हणजे त्यातल्या प्रोग्रॅममध्ये, कारखान्याची चोरीविरोधी यंत्रणा बंद करून घ्यावी लागते, नाहीतर इंजिन उठून लगेच बंद पडतं. एक्सलचं प्रमाण आणि टायरचा आकारही तिथेच भरायचा, कारण गिअर कधी टाकायचा हे ४एल६०ई त्यावरून ठरवतो. तुमच्या जुन्या स्पीडोमीटरला केबल लागते आणि या गिअरबॉक्सला केबलची जागा नाही. सिग्नलवर मोटर फिरवून केबल चालवणारी डबी मिळते, ती लावा आणि मूळ डॅशबोर्ड शाबूत ठेवा. टॅकोमीटर अर्धाच आकडा दाखवत असेल तर घाबरू नका. कॉम्प्युटर चार सिलिंडरसारखा सिग्नल देतो, ते ट्यूनमध्ये बदलता येतं.

पाण्याच्या बाबतीत एकच नळी लोक विसरतात. एलएसच्या हेडना वर वाफ बाहेर पडायला बारीक वाटा असतात. त्यातून येणारी पातळ नळी रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा वॉटर पंपाच्या वरच्या बाजूला जोडायची. ती बंद केली तर हेडमध्ये वाफ अडकते, आणि गेज मात्र सगळं ठीक दाखवतं. पहिल्यांदा पाणी भरताना गाडीचं तोंड रॅम्पवर चढवा, हीटर पूर्ण चालू ठेवा.

ब्रेक इंजिनाच्या आधी करा. पुढे ड्रम असतील तर डिस्क बसवून घ्या, मास्टर सिलिंडरसकट. हे काम या उन्हाळ्यातही होईल आणि जुन्या इंजिनालाही उपयोगी पडेल. मागचा दहा बोल्टांचा एक्सल साध्या टायरवर, साध्या ५.३ ला पुरतो. एलएस३ आणि चिकट टायर लावून सिग्नलवरून गाडी उडवणार असाल तर तो पुरणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी विचारलंय म्हणून: तिथे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणीतून सूट आहे. १९७६ पासून पुढच्या गाडीत इंजिन गाडीइतकंच किंवा त्याहून नवं हवं, प्रदूषणाची सगळी मूळ उपकरणं लावलेली हवीत, आणि रेफ्रीकडून, म्हणजे सरकारी स्मॉग तपासनिसाकडून, पास करून घ्यावं लागतं. तिथे अर्धवट काम नेलं तर परत पाठवतात.

मस्टँगवाल्यांसाठी दोन ओळी. फोर्डचं ५.० कोयोटी २०११ च्या मस्टँग जीटीमध्ये ४१२ अश्वशक्तीचं आलं. इंजिन उत्तम, पण दुहेरी ओव्हरहेड कॅममुळे फार रुंद. १९६० च्या दशकातल्या मस्टँगमध्ये शॉक टॉवर कापून पुढचं सस्पेन्शनच बदलल्याशिवाय ते नीट बसत नाही. एलएस लोकप्रिय होण्याचं मोठं कारण हेच: कॅम ब्लॉकमध्ये असल्याने इंजिन अरुंद आणि ठेंगणं राहतं. डॉजच्या नव्या हेमी इंजिनाचीही रुंदी नडते, तिथे ब्रेक बूस्टर आणि स्टीअरिंग अडतं.

तुम्हाला एवढं सगळं नको असेल तर तिसरा मार्गही आहे, आणि तो मी आनंदाने सुचवतो. तुमचं ३५० रिंगा-बेअरिंग घालून बांधून घ्या, कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडीचं इंजेक्शन बसवा, आणि मागे ७००आर४ हा केबलवर चालणारा ओव्हरड्राइव्ह लावा. थंडीत उठेल, तेल खाणार नाही, हायवेला शांत राहील. ताकद एलएसइतकी येणार नाही, पण तुमच्या पत्रात ताकदीची तक्रार एकदाही नव्हती.

एलएसचंच ठरलं, तर इंजिन पहिल्यांदा उठण्याआधी स्पार्क आणि इंजेक्टरचे फ्यूज काढून, गेजवर तेलाचं प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ फिरवा. मग वीस मिनिटं चालवून बंद करा, थंड होऊ द्या, हेडरचे बोल्ट पुन्हा टाइट करा. हेडरला ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर सेन्सरला हवा जास्त वाटते, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो, आणि लोक ट्यूनरला शिव्या देतात. पहिले शंभर मैल घराच्या आसपास मारा, खाली पुठ्ठा टाकून रात्री गाडी उभी करा आणि सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. पाचशे मैलांना तेल बदलताना फिल्टर कापून कागद उलगडा. त्यात चमचमणारा कण दिसला तर मला फोटो पाठवा, आणि तोवर गाडी चालवू नका.